अडलेली जखम आणि उणा दाब



शस्त्रक्रियेच्या वॉर्डात हल्ली एक दृश्य नेहमी दिसते. खाटेच्या कठड्याला एक लहानसे यंत्र अडकवलेले असते. त्यातून निघालेली नळी रुग्णाच्या पायापर्यंत जाते. पायाच्या जखमेत काळा स्पंज बसवलेला असतो आणि त्यावर पारदर्शक चिकट पडदा ताणून लावलेला असतो. यंत्र आतली हवा ओढते, स्पंज आक्रसून घट्ट होतो, जखमेतली लस नळीवाटे डब्यात जमा होते. डॉक्टर आणि सिस्टर याला ‘व्हॅक’ म्हणतात. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना सांगितले जाते, ‘व्हॅक लावले आहे, आता जखम भरेल.’ या वाक्याचा उत्तरार्ध मला आज तपासायचा आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. जखम भरण्याचे काम शरीराचे असते. त्या कामात येणाऱ्या अडथळ्यांपैकी दोन-तीन अडथळे हे यंत्र फार चांगले दूर करते, उरलेल्यांना ते हातही लावत नाही. नेमका अडथळा कोणता हे न पाहता व्हॅक लावले, तर रुग्णाचे पैसे जातात, दिवस जातात आणि कधी पायही जातो.

अडलेली जखम म्हणजे काय, हे आधी पाहू. निरोगी माणसाला जखम झाली की रक्त गोठते, पेशी धावून येतात, जंतू आणि मेलेला भाग साफ करतात. मग तळाशी लालसर, दाणेदार मांसांकुर उगवतात आणि कडेची त्वचा हळूहळू सरकत त्यांना झाकते. अडलेल्या जखमेत सफाईचा टप्पाच संपत नाही. तिच्यातून पाझरणाऱ्या लसीत प्रथिने तोडणारी विकरे इतकी वाढलेली असतात, की शरीराने नवे काही विणले की ती ते उसवून टाकतात. पण जखम मुळात अडली का, याचे उत्तर दर वेळी वेगळे असते. मधुमेह्याच्या पायाची संवेदना गेलेली असते, चपलेतला खडा टोचलेला कळत नाही, आणि त्याच जागेवर शरीराचे सगळे वजन रोज हजारो वेळा पडत राहते. दुसऱ्या मधुमेह्याच्या पोटरीखालच्या धमन्याच अरुंद झालेल्या असतात, जखमेपर्यंत रक्त पोचतच नाही. तिसऱ्याच्या हाडात जंतुसंसर्ग दडलेला असतो. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या बेडसोरमध्ये हाड आणि गादी यांच्या मधे कातडी चेंगरलेली असते, शिवाय पोटात पुरेसे अन्न नसते. अपघातात हाड मोडून बाहेर आले असेल तर मांस आणि कातडी जागेवरच उरलेली नसते. या सगळ्यांना आपण ‘न भरणारी जखम’ असे एकच नाव देतो. नाव एक झाले की उपायही एकच असावा असे वाटू लागते, आणि गफलतीची सुरुवात तिथूनच होते.

हवा ओढून उपचार करण्याची कल्पना नवी नाही. तुंबडी आपल्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणासाठी शिंग, जळू आणि भोपळा यांचे वर्णन आहे. पण व्हॅक ही तुंबडीची सुधारलेली आवृत्ती आहे असे मी म्हणणार नाही. तुंबडी शरीरातून दूषित रक्त बाहेर काढण्यासाठी होती. व्हॅकमध्ये रक्त येऊ लागले तर तो धोक्याचा इशारा असतो. ज्याला सुश्रुताचा खरा वारसा म्हणता येईल तो दुसरीकडे आहे. त्याने व्रणासाठी साठ उपक्रम सांगितले, आणि व्रणाची अवस्था पाहून त्यांतला कोणता योजायचा ते ठरवायला सांगितले. आजच्या माझ्या मुद्द्याला तुंबडीपेक्षा ही दृष्टी जवळची आहे.

आधुनिक पद्धत १९८०नंतरच्या दशकांत आकाराला आली. १९८९मध्ये अमेरिकेत चॅरिकर आणि जेटर यांनी पोटाच्या जखमेत उघडणाऱ्या आतड्याच्या फिस्टुलासाठी ओली गॉज आणि बंद सक्शन वापरल्याचे प्रसिद्ध केले. १९९३मध्ये जर्मनीत फ्लाइशमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड्या अस्थिभंगांवर स्पंज आणि निर्वाताचा प्रयोग केला. या पद्धतीला आजचे रूप आणि बाजारपेठ मिळाली ती नॉर्थ कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम येथील लुई आर्जेंटा आणि मायकल मॉरिक्वास यांच्या कामामुळे. १९९७मध्ये त्यांनी दोन लेख प्रसिद्ध केले. पहिल्यात डुकरांवरचे प्रयोग होते. वातावरणापेक्षा १२५ मिलिमीटर पारा इतका कमी दाब ठेवला असता जखमेभोवतीचा रक्तप्रवाह चौपट झाल्याचे त्यांनी नोंदवले. मांसांकुर सलग दाबाखाली सुमारे ६३ टक्के, तर थांबून-थांबून दिलेल्या दाबाखाली सुमारे १०३ टक्के जास्त वाढले. दुसऱ्या लेखात ३०० रुग्ण-जखमांचा अनुभव होता आणि त्यांपैकी २९६ जखमांनी चांगला प्रतिसाद दिला असे म्हटले होते. आकडा दिपवणारा आहे. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणजे त्याच जखमांना नीट साधी मलमपट्टी केली असती तर काय झाले असते, हे त्या लेखातून कळत नाही.

‘उणा दाब’ या शब्दाने एक गैरसमज होतो, तो इथेच दूर करू. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला ७६० मिलिमीटर पारा असतो. व्हॅकच्या पडद्याखाली तो ६३५पर्यंत उतरतो. निर्वात म्हणावे असे तिथे काही नसते. यंत्र मांसाला वर खेचते असे दिसते, पण प्रत्यक्षात बाहेरची हवा पडद्याला, पडदा स्पंजला आणि स्पंज मांसाला आत दाबतो. दक्षिण आफ्रिकेत निकोलस कैरिनोस आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये मोजमाप करून दाखवले, की स्पंजाखालच्या ऊतीतला दाब वाढतो, सक्शन जितके जास्त तितका अधिक वाढतो. रक्त आधीच जेमतेम पोचत असलेल्या पायाभोवती असा स्पंज चहूबाजूंनी गुंडाळला तर काय होईल, हे सांगायला नको. जंतू कमी होतात हा सुरुवातीचा दावाही तपासात पूर्ण टिकला नाही. नेदरलँड्समध्ये २००४च्या एका चाचणीत एकूण जंतुसंख्येत ठळक फरक दिसला नाही. काही जंतू घटले, पण स्टॅफिलोकोकस ऑरियस वाढला. मग टिकले काय? पुष्कळ टिकले. स्पंजाची सूक्ष्म छिद्रे जखमेच्या तळाला बारीक-बारीक ताण देतात, आणि ताणलेल्या पेशी वाढू लागतात. जखमेच्या कडा जवळ येतात. विकरांनी भरलेली लस साठत नाही. सूज उतरते. जखम झाकलेली राहते आणि दर काही तासांनी उघडावी लागत नाही, दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलला तरी चालते. ही सगळी यंत्रशास्त्राची कामे आहेत: ताण, निचरा, आधार, आवरण. या यादीत अरुंद धमनी उघडणे नाही, हाडातला संसर्ग काढणे नाही आणि टाचेवरचे वजन हलवणेही नाही.

आता रुग्णांवरच्या चाचण्यांकडे वळू. मधुमेही पायाच्या बाबतीत दोन मोठ्या अमेरिकी चाचण्यांचा दाखला नेहमी दिला जातो. आर्मस्ट्राँग आणि लॅव्हरी यांच्या २००५च्या चाचणीत पायाचा काही भाग कापावा लागलेले १६२ रुग्ण होते. १६ आठवड्यांत व्हॅक गटातले ५६ टक्के, तर नेहमीच्या ड्रेसिंगच्या गटातले ३९ टक्के बरे झाले. ब्लूम आणि सहकाऱ्यांच्या २००८च्या चाचणीत ३४२ रुग्ण होते आणि जखम पूर्ण बंद होण्याचे प्रमाण ४३ टक्के विरुद्ध २९ टक्के असे होते. पाय किंवा त्याचा भाग कापावा लागण्याचे प्रमाणही ४ विरुद्ध १० टक्के होते. फरक खरा आहे, आणि मी तो कमी लेखत नाही. मात्र या चाचण्यांत कोणाला घेतले होते, ते वाचायला हवे. पायाला पुरेसे रक्त पोचते आहे हे आधी तपासले होते, मेलेला भाग कापून जखम साफ केली होती, आणि पायावरचा भार कमी करण्याची व्यवस्था दोन्ही गटांसाठी होती. म्हणजे मोठे अडथळे आधीच हटवलेल्या जखमांवर यंत्राने आपले काम करून दाखवले.

त्याच यंत्राची जर्मनीतली गोष्ट पाहा. तिथे मधुमेही पायाच्या जखमांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२०मध्ये आले. रुग्ण ३६८ होते, आणि उपचार प्रयोगशाळेच्या शिस्तीत न होता दवाखान्यांत व रुग्णालयांत रोज होतात तसे झाले. १६ आठवड्यांत व्हॅक गटात जखम बंद होण्याचे प्रमाण १४.६ टक्के होते, साध्या ड्रेसिंगच्या गटात १२.१ टक्के. फरक जवळजवळ नाहीच. त्याहून मला खुपतात ते दोन्ही गटांचे आकडे: दोन्हीकडे दर सात-आठ जखमांपैकी एकच बंद झाली. संशोधकांनी स्वतःच लिहिले आहे की उपचारांच्या मार्गदर्शक सूचना पाळल्या गेल्या नाहीत आणि नोंदी अपुऱ्या राहिल्या, त्याचा परिणाम निकालावर झाला. अमेरिकी आणि जर्मन चाचण्या एकमेकींच्या विरोधात जातात असे मानून ‘पुरावा संमिश्र आहे’ म्हणत पुढे जाण्याची रीत आहे. मला त्या एकच गोष्ट सांगताना दिसतात. पायाभूत काम झाले असेल तर यंत्र भर घालते, आणि ते झाले नसेल तर यंत्र असून नसल्यासारखेच.

अस्थिभंगांची कथा थोडी वेगळी आहे, तीही सांगितली पाहिजे. २००९मध्ये अमेरिकेतल्या ५८ रुग्णांच्या छोट्या चाचणीत उघड्या अस्थिभंगांतला जंतुसंसर्ग व्हॅकमुळे २८ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आल्याचे दिसले, आणि जगभर हाडांच्या वॉर्डांत व्हॅकची लाट आली. पुढे ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांत ४६० रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१८मध्ये प्रसिद्ध झाले. खोल संसर्ग व्हॅक गटात ७.१ टक्के, साध्या ड्रेसिंगच्या गटात ८.१ टक्के. वर्षभरानंतरच्या अपंगत्वातही अर्थपूर्ण फरक नव्हता. २०२०मध्ये तिथल्याच दुसऱ्या एका चाचणीत, टाके घातलेल्या जखमांच्या १५४८ रुग्णांत, असेच दिसले: खोल संसर्ग ५.८ विरुद्ध ६.७ टक्के. ब्रिटनच्या त्या व्यवस्थेत जखम लवकर साफ होते, प्रतिजैविके वेळेवर मिळतात, आणि अनुभवी हात जखम झाकतात. जंतुसंसर्गाचा निकाल तिथे लागतो, नंतर लावलेल्या स्पंजावर नाही.

आणि जिथे अडचण निव्वळ यांत्रिक असते, तिथे हेच साधन किती स्वच्छ उजळून निघते, हे चिलीतल्या २००६च्या एका चाचणीत दिसते. भाजलेल्या किंवा सोलवटलेल्या जागेवर त्वचारोपण केले की नवी त्वचा पहिले काही दिवस तळाला घट्ट चिकटून राहावी लागते. तिच्याखाली रक्त किंवा लस साठली, किंवा ती जराशी सरकली, तरी ती मरते. ६० रुग्णांना अगदी सारखेच ड्रेसिंग करण्यात आले. अर्ध्यांची नळी रुग्णालयाच्या मध्यवर्ती सक्शनला जोडली, दाब ८० मिलिमीटर, आणि उरलेल्यांची जोडलीच नाही. कोणाची नळी चालू आहे हे रुग्णाला ठाऊक नव्हते. त्वचा वाया जाण्याचे प्रमाण सक्शन गटात मध्यक शून्य, दुसऱ्या गटात साडेचार चौरस सेंटिमीटर. रोपणानंतरचे रुग्णालयातले दिवस ८ विरुद्ध १२. महागडे यंत्र नाही, कंपनीचा डबा नाही. भिंतीत सक्शनची जोडणी असलेल्या आपल्या रुग्णालयांना हे काम जमण्यासारखे आहे. व्हॅकच्या सगळ्या साहित्यात मला हा अभ्यास सर्वांत शिकवण देणारा वाटतो, कारण त्यात साधन आणि अडथळा यांची जोडी अचूक जुळली आहे.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप शल्यचिकित्सकांकडून येईल, आणि तो गंभीर आहे. ‘आम्ही रोज डोळ्यांनी पाहतो. पिवळी, घाण जखम आठवड्यात लालबुंद होते. आकडे काहीही म्हणोत.’ डोळ्यांनी दिसते ते खोटे नाही. मांसांकुर खरेच उगवतात. पण मांसांकुर म्हणजे बंद झालेली जखम नव्हे. शेतात पीक हिरवेगार दिसले म्हणून धान्य घरात आले असे आपण म्हणत नाही. टाचेखालच्या लाल, सुंदर जखमेवर रुग्ण पुन्हा पाय टेकून चालू लागला, तर महिन्याभरात ती जिथल्या तिथे येते. म्हणून मोजायचे असेल तर जखम बंद झाली का, पुन्हा उघडली का, आणि माणूस स्वतःच्या दोन पायांवर चालतो का, हे मोजावे. लाल रंग हा शल्यचिकित्सकाच्या उपयोगाचा टप्पा आहे: त्यानंतर त्वचारोपण करता येते. त्या टप्प्यासाठी व्हॅक लावले असेल तर ते योग्यच आहे, मात्र पुढची पायरी कोणत्या दिवशी, हे पहिल्या दिवशी ठरलेले असावे.

दुसरा आक्षेप नेमका उलट बाजूचा आहे. ‘हे सगळे कंपन्यांनी उभे केलेले आहे. अनुकूल चाचण्यांना पैसे उत्पादकाने दिले, प्रतिकूल चाचण्या दडपल्या. मग हे यंत्र बंदच का करू नये?’ यातल्या तक्रारीत तथ्य आहे. आर्मस्ट्राँग-लॅव्हरी चाचणीला उत्पादक कंपनीचे साहाय्य होते. जर्मनीत आरोग्यविमा यंत्रणेला सल्ला देणाऱ्या संस्थेने याच उपचाराचा आढावा घेतला, तेव्हा आढळले की अनेक चाचण्या संपल्या किंवा मध्येच थांबल्या, पण त्यांचे निष्कर्ष प्रसिद्धच झाले नाहीत. ज्या रुग्णांनी स्वतःच्या शरीरावर ते प्रयोग होऊ दिले, त्यांच्याशी ही प्रतारणा आहे, आणि तिला सौम्य शब्द वापरण्याचे कारण मला दिसत नाही. पण चिलीच्या चाचणीत विकायला काही नव्हते आणि तिचा निकाल स्वच्छ आहे. पुरावा कमकुवत आहे तिथे यंत्र मागे घ्यावे, भक्कम आहे तिथे ते स्वस्त करून वापरावे. सरसकट बंदीने त्वचारोपण झालेल्या, भाजलेल्या रुग्णाचे नुकसान होईल.

स्वस्त करण्याच्या प्रयत्नांना आपल्याकडे तुटवडा नाही. साध्या स्पंजाचे निर्जंतुक तुकडे, शस्त्रक्रियेतला चिकट पडदा, निचऱ्याची नळी आणि भिंतीवरचे सक्शन एवढ्यावर अनेक सरकारी रुग्णालये काम भागवतात. याची टिंगल करू नये, पण त्यात एक धोका आहे आणि तो उघड बोलला पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९मध्ये या उपचाराशी संबंधित ६ मृत्यू आणि ७७ इजांच्या नोंदी जाहीर केल्या, आणि २०११मध्ये आणखी ६ मृत्यू आणि ९७ इजा. सर्वांत गंभीर गुंतागुंत रक्तस्रावाची होती. उघड्या पडलेल्या रक्तवाहिनीवर, आतड्यावर किंवा मज्जातंतूवर स्पंज बसवायचा नाही, कर्करोगाच्या जखमेवर नाही, उपचार न झालेल्या हाडाच्या संसर्गावर नाही, काळ्या मेलेल्या खपलीवर नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णाच्या बाबतीत दुप्पट काळजी घ्यायची. कंपनीच्या यंत्राला धोक्याची घंटा असते, भिंतीवरच्या सक्शनला नसते. म्हणून तिथे दाब नियंत्रित करणारी किल्ली हवी, आणि रात्रीही डब्याकडे पाहणारी सिस्टर हवी. वीज गेली आणि सक्शन दोन तासांहून जास्त बंद राहिले, तर तो बंद पडदा जंतूंना उबवणारी पेटी होतो, ड्रेसिंग काढावे लागते. भारनियमन सोसणाऱ्या तालुक्यात ही बाब क्षुल्लक नाही. जखमेत स्पंजाचे किती तुकडे घातले तो आकडा पडद्यावरच लिहून ठेवावा, नाहीतर एखादा आत राहून जातो आणि महिनोन्‌महिने पू वाहत राहतो.

हे सारे आपल्या दाराशी का आणायचे? २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांपैकी अनेकांच्या पायांची संवेदना हळूहळू जाणार, आणि आपण अनवाणी चालणारा समाज आहोत: घरात, देवळात, शेताच्या बांधावर, नवस फेडताना. यावरचा सर्वांत मोलाचा धडा भारतातच शिकला गेला. १९४६मध्ये वेल्लोरला आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांचा अभ्यास केला. तोवर समज असा होता, की कुष्ठरोगात मांस आपोआप झडते. ब्रँड यांनी दाखवून दिले की संवेदना गेल्यामुळे माणूस नकळत स्वतःच्या पायाला रोज इजा करत राहतो. त्यांनी तळव्याच्या जखमेवर पायाला घट्ट बसणारे प्लास्टर घातले, भार वाटला गेला, आणि वर्षानुवर्षांच्या जखमा काही आठवड्यांत भरल्या. पुढे अमेरिकेत त्यांनी हेच ज्ञान मधुमेही पायासाठी वापरले. प्लास्टरला वीज लागत नाही. तरीही आज जिल्ह्याच्या गावी व्हॅक मिळवणे एक वेळ सोपे आहे, असे प्लास्टर नीट घालून देणारा माणूस शोधणे अवघड.

म्हणून एक विनंती करून थांबतो. तुमच्या घरात कोणाच्या पायाच्या जखमेला उद्या व्हॅक सुचवले गेले, तर नकार देऊ नका, पण होकार देण्याआधी डॉक्टरांना नम्रपणे चार गोष्टी विचारा: पायापर्यंत रक्त पोचते का हे तपासले का, मेलेला भाग आणि हाडातला संसर्ग काढला का, जखमेवर पडणारा भार कसा कमी करणार, आणि स्पंज निघाल्यावर जखम कशाने झाकणार. या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली तर निर्धास्तपणे सही करा. पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर यंत्राचे भाडे भरण्याआधी रुग्णाला रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे घेऊन जा, आणि त्याच आठवड्यात घेऊन जा.